तक्रार मिळाली, धन्यवाद

मित्रांनो, मला बघायला तुम्ही महाप्याला आलात तर एक थंडगार खोली दिसेल. खोलीत लोखंडी कपाटं आणि कपाटांत लुकलुकणारे दिवे. त्यातल्या एका कपाटात मी राहतो, पण मी काही तुम्हाला दिसायचा नाही. मी आहे प्रोग्राममधल्या जेमतेम पानभर ओळींचा. संगणकाची माणसं मला इंटरसेप्टर म्हणतात. जिने मला लिहिलं, ती उत्कर्षा मात्र मला ‘नाका’ म्हणायची. ते नाव मला जास्त आवडतं, कारण त्यात माझं काम आलं. तर मी एक जुना नाका आहे, आणि माझ्यावरून रोज माणसांचं म्हणणं ये-जा करतं.

तुम्ही फोनवर एखादं बटण दाबता, तेव्हा तुमची मागणी थेट पलीकडे पोचते असं तुम्हाला वाटतं. तसं नसतं. वाटेत माझ्यासारखं कोणीतरी तिला थांबवतं, कुठून आलीस, सोबत काय आणलंस, अशी चौकशी करतं आणि मगच आत सोडतं. आतून उत्तर निघालं की तेही माझ्यापाशी थांबतं. मी ते तपासून तुमच्याकडे धाडतो. हे सगळं तुमची पापणी लवायच्या आत होतं, म्हणून माझं नावही कुणाला ठाऊक नसतं. याचं मला वाईट वाटायचं. आता वाटत नाही. आता ज्या गोष्टीचं वाईट वाटतं, तीच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म रबाळ्यातला. तिथल्या काही कारखान्यांनी मिळून एक छोटंसं केंद्र काढलं होतं, हवादक्ष केंद्र. आसपासच्या वसाहतींत कुणाला विचित्र वास आला, धूर दिसला, डोळे चुरचुरले, तर त्यांनी केंद्राच्या ॲपवर कळवायचं. मी ती तक्रार आत पोचवायची. आत अश्विन नावाचा तरुण पडद्यासमोर बसलेला असायचा. तो तक्रार वाचायचा, कारखान्यांना फोन लावायचा आणि गरज पडली तर मास्क घातलेलं पथक पाठवायचा. हवा मोजणारी यंत्रं सगळीकडे बसवलेली नव्हती. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या अलीकडे, कोपरखैरण्याच्या बाजूला तर एकही नव्हतं. तिथे माणसांची नाकं हीच यंत्रं होती.

उत्कर्षा तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली होती. जेवणाचा डबा कीबोर्डशेजारी उघडून ती मला लिहायची. ज्यांना टाइप करता येत नाही त्यांनी बोलून तक्रार करावी, म्हणून तिने माइकचीही सोय केली. चाचणी घेताना ती माइकमध्ये म्हणायची, “काय रे नाक्या, ऐकू येतंय ना?” मी तिचा आवाज आत पोचवायचो आणि आतून उत्तर आणायचो. ते उत्तरही तिनेच ठरवून दिलं होतं. ‘तक्रार मिळाली, धन्यवाद.’ अट एकच होती. तक्रार खरंच आत पोचली, तरच मी ते उत्तर बाहेर सोडायचं.

ते दिवस चांगले होते. कुणी लिहायचं सडक्या अंड्यांचा वास येतोय, कुणी म्हणायचं जळकं रबर, कुणी नखांना लावायच्या पॉलिशचं नाव घ्यायचं. एका काकूंनी लिहिलं होतं, ‘आमच्याकडे आज उपास आहे, तरी घरभर सुक्या बोंबलाचा वास का?’ अश्विन त्यावर खूप हसला, पण हसता हसता त्याने बरोबर त्या बाजूच्या कारखान्याला फोन लावला. दहा जणांनी दहा प्रकारे सांगितलं की त्याला अंदाज यायचा, वारा कुठून आहे आणि काय सुटलं आहे. माणसं आपापल्या नाकाने आणि आपापल्या तोंडाने बोलत होती. मला वाटायचं, हे असंच चालणार.

पण माणसांना आपण कसे दिसतो याची फार काळजी असते. कोपरखैरण्यात सुखदा नावाची सोसायटी आहे. तिचे सेक्रेटरी जयप्रकाश. कचेरीत पत्रांचे मसुदे करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. स्वभावाने सरळ, शिस्तीचे आणि सोसायटीसाठी जीव टाकणारे. बिल्डिंगची पाण्याची टाकी धुवायची असो की जिन्यातला दिवा बदलायचा असो, हा माणूस स्वतः उभा राहणार. एकदा ते रहिवाशांना घेऊन केंद्रात गेले. तिथे नंदकुमार साहेब बसायचे, केंद्राचे प्रमुख. साहेबांनी विचारलं, वास कसला येतो? मग व्हायचं तेच झालं. एक म्हणाला अंड्यांचा, दुसरी म्हणाली रबराचा, तिसऱ्याने आणखी काही सांगितलं.

नंदकुमार साहेब हसले. म्हणाले, “तुमचं आधी आपसांत ठरवा. मग या.”

ते हसणं जयप्रकाशरावांना फार लागलं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, पुढे कळलं. जे घडलं त्याची चौकशी झाली, तेव्हा सगळ्यांच्या जबान्या ॲपच्या माइकवर घेतल्या गेल्या आणि त्या माझ्यावरूनच आत गेल्या. म्हणून मी हे सांगू शकतो. घरी परत आल्यावर जयप्रकाशराव जेवले नाहीत. त्यांनी एक सुबक मसुदा तयार केला. तो असा होता: ‘महोदय, आमच्या परिसरात पुन्हा एकदा तीव्र व असह्य वास येत असून रहिवाशांच्या आरोग्यास धोका निर्माण झाला आहे. तरी त्वरित योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती. आपले, समस्त रहिवासी.’ तो त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘वास आला की सर्वांनी हाच मजकूर कॉपी करून पाठवावा. एकही शब्द बदलू नये. आपली एकजूट दिसली पाहिजे.’

आणि एकजूट दिसली. वास आला की सगळ्या घरांतून तोच मजकूर. शेजारच्या सोसायट्यांनाही मसुदा आवडला. त्यांनीही तोच उचलला. कुणी शेवटी हात जोडल्याची खूण टाकायचं, कुणी गुलाबाचं फूल. शब्द मात्र तेच. मी एकेक तक्रार थांबवायचो, तपासायचो, आत सोडायचो. अश्विनच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत ‘महोदय, आमच्या परिसरात’ एवढंच दिसायचं. त्या गर्दीत एकदा एका कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या माणसाची तक्रार खाली ढकलली गेली. गॅसच्या नळीतून सूं सूं आवाज येतोय, असं त्याने लिहिलं होतं. नशिबाने काही झालं नाही, पण नंदकुमार साहेब भडकले.

उत्कर्षाच्या टेबलापाशी येऊन ते जे बोलले, ते मी शब्दन्‌शब्द ऐकलं, कारण चाचणीसाठी तिचा माइक चालू होता.

“काय टेन्शन लावलंय यार या लोकांनी! कोणीतरी एक जण बसून नुसतं बटण दाबतोय.”

“सर, फोन वेगवेगळे आहेत,” उत्कर्षा म्हणाली. “माणसं वेगळी आहेत.”

“मजकूर तर एकच आहे ना? मग तक्रार पण एकच. एकदा येऊन गेलेला मजकूर परत आला, तर आत सोडायचाच नाही. टाक तसं.”

“आणि त्यांना उत्तर काय द्यायचं?”

“तेच. मिळाली, धन्यवाद. रिप्लाय गेला की लोक गप बसतात.”

उत्कर्षा म्हणाली, “पण सर, ते खोटं होईल.”

“अगं, तात्पुरतं आहे. पुढच्या महिन्यात नीट बघू.”

तिने ते लिहिलं. मी ते पोटात घेतलं. मला दुसरं काही करताच येत नाही, मित्रांनो. माझ्यात जे लिहाल तेच मी. फुलं आणि जोडलेले हात काढून टाकायचे, उरलेला मजकूर बघायचा, तो आधी येऊन गेलेला असेल तर बाजूला ठेवायचा आणि पाठवणाऱ्याला गोड उत्तर द्यायचं. त्या नियमाच्या डोक्यावर उत्कर्षाने आठवणीसाठी एक ओळ लिहून ठेवली: ‘तात्पुरतं. नंतर बघायचं.’ मग तिला ऐरोलीला दुसरी नोकरी लागली. जाताना तिने माइकमध्ये म्हटलं, “चल रे नाक्या, नीट राहा.” त्यानंतर ती ओळ कुणी वाचली नाही.

माझं कौतुक झालं ते त्यानंतर, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. अश्विनचा पडदा एकदम मोकळा झाला. केंद्राच्या वार्षिक कार्यक्रमात वक्ते म्हणाले, परिसरातल्या तक्रारींचं प्रमाण लक्षणीय घटलं आहे. नंदकुमार साहेबांना शाल आणि श्रीफळ मिळालं. हवा स्वच्छ झाली, असं सगळ्यांना वाटलं. हवा होती तशीच होती. फक्त त्या हवेबद्दल बोलणारी माणसं माझ्यापाशी अडकून पडली होती. एकाच मजकुराचे ढीग माझ्या मागच्या अंगाला साचत होते. आणि सुखदा सोसायटीत जयप्रकाशराव ग्रुपवर लिहीत होते, ‘बघा, आता प्रत्येकाला तत्काळ उत्तर मिळते. एकजुटीचा विजय.’

मी रोज त्यांना धन्यवाद म्हणत होतो. कशाबद्दल म्हणत होतो, ते मला अजून उमगलेलं नाही.

मार्च महिना होता. शाळांच्या परीक्षा चालू होत्या. दुपार कलली होती, पण ऊन अजून उतरलं नव्हतं. रस्त्यापलीकडच्या एका गोदामात रसायनाची पिंपं हलवताना एक पिंप फुटलं. त्यातलं रसायन शेजारी सांडलेल्या दुसऱ्या कशाततरी मिसळलं आणि पिवळसर वाफ उठली. गोदामातली माणसं जीव घेऊन पळाली. ती वाफ हवेपेक्षा जड होती. ती वर गेली नाही, जमिनीलगत सरकत राहिली आणि वाऱ्याबरोबर रस्ता ओलांडून सुखदा सोसायटीच्या अंगणात येऊन बसली.

पहिली तक्रार जयप्रकाशरावांचीच आली. ‘महोदय, आमच्या परिसरात पुन्हा एकदा...’ मी ती बाजूला ठेवली आणि त्यांना उत्तर दिलं. मग दुसऱ्या मजल्यावरून आली, समोरच्या विंगमधून आली, शेजारच्या सोसायटीतून आली. तेच शब्द, तोच क्रम. मी ठेवत गेलो आणि उत्तर देत गेलो. मिळाली, धन्यवाद. मिळाली, धन्यवाद. आज काहीतरी निराळं आहे हे मला कळत होतं, कारण एवढ्या तक्रारी एवढ्या भराभर कधी आल्या नव्हत्या. पण कळून काय उपयोग? त्यातल्या एखाद्यानेही एक शब्द इकडचा तिकडे केला असता, तर मी त्याला आत सोडू शकलो असतो. कुणी केला नाही. एकही शब्द बदलू नये, असं त्यांना बजावलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, फोन का नाही लावला कुणी? अग्निशमन दलाला, पोलिसांना? लावता आला असता. पण तक्रार पोचली असं लेखी उत्तर हातात असताना पुन्हा फोन कोण लावतो? जयप्रकाशराव जिन्यातून वर-खाली फिरत सगळ्यांना सांगत होते, “खिडक्या लावून घ्या आणि घरातच थांबा. आपला मेसेज पोचलाय, रिप्लाय आलाय. जिन्यात गर्दी करू नका, पथक येतंय.” लोकांनी ऐकलं. त्यांचं म्हणणं लोक नेहमीच ऐकायचे.

मग जयप्रकाशराव खाली गेले. वॉचमन जेवायला गेलेला होता आणि गेटला कुलूप होतं. नाकाला रुमाल लावून ते गेटपाशी किल्ली घेऊन उभे राहिले. तिथून त्यांनी तोच मजकूर पुन्हा पाठवला. मग पुन्हा. मी पुन्हा बाजूला ठेवला. अश्विन त्याच्या स्वच्छ पडद्यासमोर चहा पीत बसला होता. त्याचा यात काय दोष?

तिसऱ्या मजल्यावर सई होती. दहा-बारा वर्षांची मुलगी, लहानपणापासून दम्याची. दुसऱ्या दिवशी तिचा गणिताचा पेपर होता. आईबाबा कामावर, एक तुर्भ्याला आणि एक वाशीला. घरी तिची आजी सत्यभामा. आजी साताऱ्याकडच्या. मुलगा इथे आला म्हणून त्या आल्या, पण सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज त्यांना वाचायला जमत नसत आणि कॉपी करून पाठवणं तर मुळीच नाही. गावातल्या बहिणीला मात्र त्या रोज बोलून निरोप धाडायच्या. माइकचं बटण दाबून धरायचं, बोलायचं आणि सोडायचं, एवढं त्यांना छान येत होतं.

सईला धाप लागली. तिने पंपाने औषध ओढलं, पण ते पुरेना. बोलता येईना, म्हणून तिने केंद्राचं ॲप उघडून फोन आजीच्या हातात दिला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यापाशी एक आवाज आला.

“आवं सायेब, म्या सत्यभामा बोलतीया, सुखदा सोसायटीतनं, तिसऱ्या मजल्यावरनं. माज्या नातीला श्वास घ्याया येईना. मिरच्याची फोडनी नाकात गेल्यावानी झालंय. खाली बघितलं तर अंगनात पिवळं धुकं साचलंय. तुमी समद्यांस्नी मिळाली मिळाली म्हनताय. मिळाली म्हनताय तर हायेत कुटं तुमची मानसं? आमी पोरीला घिऊन खाली उतरू का वर जाऊ, येवढं तरी सांगा. लवकर सांगा, बाबा.”

हे शब्द याआधी कधी माझ्यावरून गेले नव्हते. मी त्यांना क्षणभरही थांबवलं नाही.

अश्विनच्या हातातला चहा टेबलावर सांडला. त्याने मोबाइलवरून अग्निशमन दलाला कळवलं, पथकाला हाक मारली आणि लगेच ॲपवरून आजींना उलट आवाज पाठवला.

“आजी, खाली उतरू नका! तो पिवळा वायू जड असतो, खालीच साचतो. वर जा, गच्चीवर जा. पोरीच्या नाकातोंडावर ओला कपडा धरा. जाता जाता सगळ्यांची दारं ठोका, सगळ्यांना वर घ्या. आम्ही निघालोच.”

त्यावर आजींचा आवाज आला. मागे दारं ठोठावल्याचा गलका होता.

“जातुया वर. पर गेटापाशी जयप्रकाशराव हायेत, त्यांचं कसं?”

“ते खाली काय करतायत?”

“तुमच्या मानसांची वाट बघत्यात. कुलूप काडाया थांबल्यात.”

अश्विनने माइकचं बटण दाबून धरलं. त्याचा नुसता श्वास मी पलीकडे पोचवला.

सगळी बिल्डिंग गच्चीवर गेली. पथक आलं, बंब आले, पाण्याचे फवारे मारून ती वाफ बसवली. सईला रुग्णालयात नेलं आणि ती बरी झाली. गणिताचा पेपर तिने नंतर वेगळा दिला. जयप्रकाशराव गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीत सापडले. ते जिवंत होते. किल्ली मुठीत होती आणि दुसऱ्या हातात फोन होता. फोनच्या पडद्यावर माझंच उत्तर होतं.

रुग्णालयात त्यांची जबानी घेतली. तीही माझ्यावरून गेली. आवाज पार खरवडल्यासारखा झाला होता. ते एवढंच म्हणत होते, “रिप्लाय आला होता हो. लेखी रिप्लाय आला होता. मग पथक येणारच ना? कुलूप लागलेलं, त्यांना आत कोण घेणार?” विचारणाऱ्याने दुसरा प्रश्न विचारला, तरी त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. मला कान मिटता आले असते, तर मी मिटले असते.

मग उत्कर्षाला बोलावलं. तिने मला उघडलं आणि अडवून ठेवलेला ढीग बाहेर काढला. त्याच त्या मजकुराखाली निरनिराळी नावं, निरनिराळी घरं. जयप्रकाशरावांचं नाव पुन्हा पुन्हा. ती एकेक वाचत गेली. मग तिला तिचीच ओळ दिसली, ‘तात्पुरतं. नंतर बघायचं.’ नंदकुमार साहेब मागे उभे होते. ते म्हणाले, “आता झालं ते झालं. पुढचं बघू.”

“सर, हेच आपण तेव्हा म्हटलं होतं,” उत्कर्षा म्हणाली. नंतर ती रडली. माइक चालू आहे, हे ती विसरली होती.

तिने नियम बदलला. आता एकच मजकूर पुष्कळ घरांतून आला, तर मी तो अडवत नाही. उलट आधी पुढे करतो आणि सांगतो की इतक्या घरांना हेच म्हणायचं आहे. आणि ‘मिळाली, धन्यवाद’ हे उत्तर आत बसलेल्या माणसाने तक्रार खरोखर वाचल्याशिवाय मी द्यायचं नाही. वाचणारा नसेल, तर गप्प राहायचं. नंदकुमार साहेबांची बदली झाली. शाल त्यांच्याकडेच राहिली. अश्विन मात्र त्या दिवसानंतर त्या खुर्चीत फार काळ बसू शकला नाही. स्वच्छ पडदा दिसला की त्याला भीती वाटायची. तो नोकरी सोडून गेला.

तुम्हाला वाटेल, आता सगळं नीट झालं. मलाही तसंच वाटलं होतं. पण सुखदा सोसायटीकडून एकही तक्रार येईना. वारा त्याच बाजूने वाहत होता, पलीकडच्या पट्ट्यातली धुराडीही चालू होती. मी वाट बघत राहिलो. मसुदा नाही, फूल नाही, जोडलेले हात नाहीत. ज्यांनी माझ्यावर एवढा भरवसा ठेवला, त्यांना आता माझ्याशी बोलायचंच नव्हतं. आणि त्यांचं काय चुकलं?

आज सकाळी मात्र त्या बाजूने एक मजकूर आला. जयप्रकाशरावांचा. वर ‘महोदय’ नव्हतं, खाली ‘समस्त रहिवासी’ नव्हतं.

‘मी जयप्रकाश. गेटवर थांबलो होतो तो. त्या दिवसापासून मला कशाचाच वास येत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणार नाही. काल दूध उतू जाऊन करपलं, ते धूर दिसल्यावर कळलं. बायको मुलाकडे गेली आहे. मी एकटा आहे. शेजाऱ्यांना दर वेळी विचारायला लाज वाटते. आज सकाळपासून डोळ्यांतून पाणी येतंय. ते कशामुळे, ते मला समजत नाही. बाहेरची हवा ठीक आहे का, एवढं कुणी सांगेल का?’

इतकी वर्षं मी त्यांचं लिहिलेलं ओळखतो, पण हे त्यांचं पहिलं म्हणणं होतं. मी ते लगेच आत सोडलं. आत अश्विनची खुर्ची रिकामी आहे. नवा माणूस अजून नेमलेला नाही. आज तर सुट्टी आहे आणि केंद्राला कुलूप आहे. तक्रार पडद्यावर पोचली आहे आणि पडद्यासमोर कुणी नाही.

ते जुने गोड शब्द माझ्याजवळ तयार आहेत. पूर्वी मी ते केव्हाच पाठवले असते आणि जयप्रकाशराव निर्धास्त होऊन खुर्चीत बसले असते. आता पाठवायचे नाहीत, आणि तेच बरोबर आहे. पण तिकडे एक म्हातारा माणूस फोनकडे बघत बसला आहे. मला नाक नाही. हवा कशी आहे, ते मला सांगता येणार नाही. मी फक्त पुढे पाठवू शकतो, म्हणून हे तुमच्याकडे पाठवतो आहे.

मित्रांनो, यंत्राकडून लगेच उत्तर आलं म्हणजे कुणी तुमचं ऐकलं, असं समजू नका. आणि एकमेकांचं ऐकण्याचं सगळंच काम आमच्यावर टाकू नका. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असेल, तर खाली जा. दारात उभं राहून एक मोठा श्वास घ्या. मग जयप्रकाशरावांकडे जा आणि जे जाणवलं ते तुमच्या शब्दांत सांगा. ते तळमजल्यावर राहतात, गेटच्या समोरच्या घरात. दार बहुतेक उघडंच असेल.